चाकूच्या मुठी बदलण्याचं काम

२ एप्रिल २००७, सोमवार
सवयीनं साडेनऊला डबा मागितला. द्वारका म्हणाली, कुठं जाता? तेव्हा लक्षात आलं की शनिवारीच रिटायर झालो. गुडीहत्नूरच्या मंडल ऑफिसात सीनियर असिस्टंट नागोराव आता येणार नाहीत. ऑफिसचं कसं होईल याची काळजी वाटते.
निरोपाला ऑफिसनं मला सहा चाकूंचा सेट दिला. प्लॅस्टिकच्या मुठी, लाल हिरव्या पिवळ्या. सुधाकरराव रिटायर झाले तेव्हा त्यांना मनगटी घड्याळ दिलं होतं. मला त्याचं काही वाटलं नाही. मुद्दाम लिहून ठेवतो.
द्वारकाला मात्र सेट फार आवडला. लाल कांद्याला, हिरवा भाजीला, असं तिनं लगेच ठरवून टाकलं. वजनाले हलका आहे म्हणे, मनगट दुखत नाही. इतक्या वर्षांत तुमच्या ऑफिसातून माह्या कामाचं हे पह्यल्यांदाच आलं, असंही म्हणाली.
संकल्प: रोज डायरी. रोज फिरणं. घराला उपयोगी पडणं.

५ एप्रिल
फिरायला गेलो नाही. ऊन.
पेपरात प्लॅस्टिकवर लेख आला आहे. अन्नात उतरतं, रक्तात जातं, जमिनीत कुजत नाही. वाचून सुन्न झालो. आपल्या घरात कापायच्या प्रत्येक वस्तूला प्लॅस्टिकची मूठ. चाकू, सोलाणं, कात्री, सगळं. माझे आईबाप जन्मभर लाकडाच्या मुठीनं कापत आले आणि धडधाकट राहिले.
निर्णय: घरातल्या सगळ्या मुठी काढून नैसर्गिक वस्तूंच्या बसवणार. लाकूड, बांबू, जमल्यास शिंग. याचा ऑफिसच्या भेटीशी काही संबंध नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.
द्वारकाला समजावून सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, दुसरं काही काम नाही का? फिराले जाणार होते ना तुमी?

८ एप्रिल, रविवार
मुठी काढल्या. पान्यानं निघत नाहीत. हातोडीनंही नाही. शेवटी गॅसवर धरल्या. धूर झाला. शेजारच्या मथुराबाई भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, टायर कोनं जाळून राह्यलं? संशोधनात असं होतं.
पाती काळी पडली आहेत. घासली की निघेल.
द्वारकानं कांदा नारळाच्या सुरीनं कापला. नारळाची सुरी पण जाणार आहे, हे तिला अजून सांगितलं नाही.

१० एप्रिल
लाकडाचा प्रश्न. आदिलाबाद जिल्ह्यात सागवानाची काय कमी? पण जंगलातून काडी आणायची तर फॉरेस्टवाले. मी सरकारचा माणूस, मला शोभत नाही.
ओसरीतल्या बाजेचा एक खूर सागाचा आहे. कापला. मोडलेला नव्हता, पण कधीतरी मोडणारच होता. बाजेखाली विटा लावल्या.

१३ एप्रिल
पहिली मूठ तयार. पात्याचं मागचं शेपूट लाल तापवून लाकडात ठोकलं, पूर्वीचे लोक असंच करत. मूठ थोडी मोठी झाली आहे. बाजेच्या खुराचा आकार पूर्ण गेला नाही.
द्वारकानं हातात घेऊन पाह्यली. म्हणाली, यानं भाजी कापाची का गाईले खुंट्यावर बांधाचं? तिला बॅलन्स समजावला. वजनदार मुठीनं हाताला व्यायाम होतो. तिनं मनगट चोळलं आणि आत गेली.

१५ एप्रिल
भोपळा कापताना मूठ द्वारकाच्या हातात राहिली आणि पातं भोपळ्यात. भोपळा फार निबर होता.
उपाय: लाख. लाख वितळवून भोकात ओतायची, मग शेपूट बसवायचं. लाख नैसर्गिक आहे. कंबर दुखते आहे, पण आता मागे हटणं नाही.

१८ एप्रिल
मोठी बातमी. बुद्धपौर्णिमेच्या जेवणाची जबाबदारी महिला मंडळानं यंदा द्वारकाला दिली. दरवर्षी मथुराबाईच करतात. त्या खीर हलवणार आणि द्वारका भोपळे सोलणार, असं विहार बांधलं तेव्हापासून चालू आहे. यंदा बायकांनी हात वर करून द्वारकाचं नाव घेतलं. दोन गावचे लोक जेवायला असतात.
चहा गाळता गाळता सांगितलं तिनं. चहा बाहेर सांडला तरी कळलं नाही तिला. माहेरी आमाले मालकाच्या चुलीपाशी येऊ देत नव्हते, म्हणाली. आता इतक्या लोकायचं जेवण माह्या हातचं. मग लगेच म्हणाली, इतक्या सैपाकाले मिठाचा अंदाज कसा घ्याव लागते हो?
मला भरून आलं. म्हटलं, मी तुझ्या पाठीशी आहे, काय मदत करू सांग. ती म्हणाली, काही करू नका. तेवढीच मदत करा.
तिला मागायचा संकोच वाटतो. दुपारीच विहार कमिटीचे सेक्रेटरी चंपतराव यांच्याकडे गेलो. मंडळाच्या भांड्यांच्या पेटीत डझनभर चाकू आहेत, सगळे प्लॅस्टिकच्या मुठीचे. पवित्र दिवशी ते कशाला? सगळ्यांच्या मुठी बदलून देतो म्हटलं. चंपतराव टीव्ही पाहत होते. न्या, म्हणाले, पण टायमावर परत द्या.
द्वारकासाठी सरप्राइज आहे.

२० एप्रिल
द्वारकाला कळलं. ओसरीत मुठी काढलेली बारा पाती वाळत घातली होती, त्यामुळे कळलं.
संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी म्हणाली, अवो, तुमाले हात जोडतो. पौर्णिमेच्या आधी सगळे चाकू माह्या हातात पाह्यजे. कापणारे पाह्यजे. बाकी मले काही नाही पाह्यजे.
लेखी देतो म्हटलं. नको म्हणाली.

२४ एप्रिल
ऊन फार. ओसरीत बसवत नाही. उद्यापासून सकाळी पाचला उठून काम.

२५ एप्रिल
सातला उठलो.
बाजेचा दुसरा आणि तिसरा खूर कापला. चौथा एकटा ठेवून काय करणार, तोही कापला. जमिनीवर झोपणं पाठीला चांगलं असतं. आज पाठ धरली आहे ती वेगळ्या कारणानं.

२८ एप्रिल
सगळ्या मुठी बसल्या. हलवून पाहिल्या, निघत नाहीत. माझ्या नोकरीत कुठलीही फाइल इतक्या वेळेत निकालात निघाली नव्हती.
एक अडचण. मुठी खरखरीत आहेत, कुसळं लागतात. बायका कुरकुर करतील. दुकानातलं वॉर्निश लावलं तर सगळं तत्त्वच बुडालं, तेही केमिकलच. दुपारपर्यंत विचार करून डोकं शिणलं, मग एकदम बा आठवला. बा सालगडी होता. मालकाच्या बैलबंडीच्या आखाला बिब्याचं तेल लावायचा. काळं, चकचकीत. ना पाणी शिरायचं, ना वाळवी लागायची. शंभर टक्के नैसर्गिक, झाडाचं. एवढी विद्या घरात असून आपण वॉर्निशच्या मागे लागतो.
बाजारातून बिबे आणले. विकणारी म्हातारी तेलुगूत काहीतरी सांगत होती, हात हलवून हलवून. भाव वाढवत असावी.

२९ एप्रिल
द्वारका मंडळाच्या मीटिंगला गेली असताना काम उरकलं. परसात डब्यात बिबे तापवून तेल काढलं. कपड्यावर पडलं तर डाग जन्माचा, हातालाही काळं लागतं. म्हणून दोन्ही हातांना प्लॅस्टिकच्या कॅरीबॅग बांधल्या आणि फडक्यानं सगळ्या मुठींना लावलं. कॅरीबॅग नंतर जाळून टाकल्या. त्यांचं समर्थन करत नाही.
काय शोभा आली आहे. आबनूसच्या लाकडाच्या वाटतात.
द्वारकानं आल्यावर विचारलं, काय लावलं? नैसर्गिक पॉलिश म्हटलं. फॉर्म्युला एवढ्यात कोणाला सांगणार नाही. लोक कॉपी करतात.

३० एप्रिल
शब्द पाळला. पोत्यावर ओळीनं चाकू मांडून ठेवले. द्वारकानं एक उचलला, पदरानं मूठ पुसली, टमाटा कापला. पातळ फोड पडली. दुसरा टमाटा कापला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, बरे झाले जी.
ती असं म्हणेल हे मी विसरलोच होतो. म्हणजे म्हणू शकते हे. आज फिरायलाही गेलो, कोमट्याच्या किराणा दुकानापर्यंत.

२ मे, बुधवार. बुद्धपौर्णिमा
काल संध्याकाळपासून विहारात बायका कापायला बसल्या होत्या. वांगी, बटाटे, भोपळे, कांद्याचे ढीग. सगळ्यांच्या हातात माझे चाकू.
जेवण असं झालं की विचारू नका. वरण, भात, भाजी, पुरी, खीर. तामसीकडचे लोक टेम्पो करून आले होते, तेही हात चाटून उठले. मथुराबाईंनी स्वतः दुसऱ्यांदा खीर मागितली, आणि मागताना द्वारकाकडे पाहिलं नाही, यावरून काय ते समजावं. द्वारका पांढऱ्या साडीत पंगतीतून फिरत होती. वाढू का, अजून घ्या, म्हणत होती. लोक तिला हात जोडून चांगलं झालं म्हणत होते. शेवटी जेवायला बसली तर पुरीचे नुसते तुकडे करत राहिली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही, माह्या मायची आठवण आली. तिनं पाह्याले पाह्यजे होतं.
मुठींबद्दल कोणी काही बोलेल म्हणून मी पंगतीच्या तोंडाशीच उभा होतो. चंपतराव थांबले. म्हणाले, पाण्याचा जग कुठं आहे?

४ मे
द्वारकाचे हात खाजतात. घामोळ्या असतील. कपडे धुवायची पावडर बदलायला सांगितली.

५ मे
हात सुजले. बोटांत पाण्याचे फोड. डोळ्यापाशी हात लागला तर डोळाही सुजला. मथुराबाईंचेही तेच, आणि विहारात कापायला बसलेल्या सगळ्याच बायकांचे. दवाखान्यात आमच्या गल्लीतल्याच बायका. डॉक्टर म्हणे अॅलर्जी, मलम दिलं.
द्वारका म्हणाली, हे आंगावर बिबा उतल्यावाणी दिसते. मी म्हटलं, आपल्या घरात बिबा कुठून येणार? आहे का एकतरी? शोध. आणि खरंच नाही. आणले तेवढे मी वापरून संपवले होते.
शिवाय माझे हात बघा. स्वच्छ. मुठींवर सगळ्यांत जास्त काम मी केलं. मुठींत काही असतं तर पहिला फोड मला आला असता. हा पुरावा आहे.

६ मे
गावात बोलणं सुरू झालं. मथुराबाई म्हणाल्या म्हणे, वांगी कुठून आणली होती तिनं? फवारा मारलेली असतील. सस्त्यात मिळाली तं उचलली. मी इतके साल केलं, कोनाच्या हाताले काही झालं का?
द्वारका दारात बसून आहे. भांडी तशीच पडली आहेत. तिला पाण्यात हात घालवत नाही. वेणी घालता येत नाही. मला म्हणाली, अवो, मी वांगं वांगं हाती घेऊन निवडलं होतं. मग मले काऊन नाव ठेवून राह्यले?
मी वांगीवाल्या माणिकरावांच्या मळ्यावर जाऊन खडसावलं. ते म्हणाले, तीच वांगी माह्या घरी रोज आहे. हात पाहा. त्यांच्या घरच्यांचे हात पाहिले. ठीक होते. तरी पण वांग्यांवर मला अजून संशय आहे.
दुपारी मी खिचडी केली. लागली.

७ मे
आक्का आली. प्रयागबाई, माझी थोरली बहीण, तामसीला असते. द्वारकाच्या हाताचं ऐकून सकाळच्या बसनं आली. आली ती सरळ चुलीपाशी गेली, म्हणाली जळल्या खिचडीचा वास येते, मी सैपाक करतो. चाकू घेतला. घेतला आणि लगेच खाली ठेवला. उजेडात नेऊन पाहिला. नाकाशी नेला.
म्हणाली, याले बिबा कोनं लावला?
मी म्हटलं, आक्का, आपला बा नाही का लावत होता बंडीच्या आखाला?
आक्का म्हणाली, बानं आखाले लावला होता रे. आखाले हातात धरून कोनी कांदे कापते का? आन् बा स्वतः पळसाचं पान गुंडाळून लावत होता. तू कशानं लावला?
कॅरीबॅगचा विषय इथे गैरलागू होता.
द्वारका दारात होती. तिनं सगळं ऐकलं. ओरडली असती तर मला बाजू मांडता आली असती.
आक्कानं तीळ आणि खोबरं वाटून तिच्या हातांना बांधलं. चाकू परसात पुरायला लावले मला. खड्डा खणताना आक्का वर उभी होती, आणखी खोल, म्हणत.

८ मे
मी सगळ्यांना सांगणार आहे. चूक माझी नाही, पॉलिश पुरतं वाळलं नव्हतं, हे शास्त्रीय पद्धतीनं मांडलं तर लोक समजून घेतील. उद्या जातो. आज आक्काला बसवर बसवायचं होतं.

९ मे
मला उशीर झाला असं दिसतं. चंपतराव रस्त्यात भेटले. म्हणाले, काल मंडळाची मीटिंग होती, तुमच्या घरून द्वारकाबाई आल्या होत्या. हाताले फडके बांधून. उभ्या राहून म्हणाल्या, एरंडीचं तेल समजून मीच मुठीले बिब्याचं लावलं. मले दिसलं नाही. वांग्यायचा दोष नाही, कोनाचा नाही. पुढच्या वर्षी मथुराबाईच करू द्या.
मी त्याच पावली घरी आलो. चिडलो होतो. विचारलं, हे तू का सांगितलंस? माझं काम माझ्या नावावर का नाही? मी काय घाबरतो का लोकांना?
द्वारका खाली पाहत होती. मग म्हणाली, मले लोकायनं येडी म्हटलं तं चालते. येड्याची बायको म्हटलेलं नाही चालत.
चहा मीच केला. तिला बशीतून पाजला. ती प्यायली.

११ मे
काल काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं म्हणजे एवढंच की वेणी घालणं वाटतं तितकं सोपं नाही. तीन पेड कशाला असतात कोण जाणे. काल आरशात पाहून तिनं लगेच तोंड फिरवलं, आज थोडं बरं आहे म्हणाली.
हवा गेली आहे सगळ्यातली. लाकूड, बांबू, शिंग, कशाचंच मनात येत नाही. तिनं इतक्या वर्षांत एकदा हातात घेतलेलं काम होतं, ते माझ्यामुळे गेलं. हे असंच आहे. इथे कुठली सबब नाही आणि कुठलं कारण नाही.

१३ मे, रविवार
ऊन होतं तरी गेलो. मंडळाच्या बायका मथुराबाईंच्या ओसरीत बसल्या होत्या, सगळ्यांच्या हातांना तीळखोबरं. मी भाषण पाठ करून गेलो होतो. सुरुवात प्लॅस्टिकचे दुष्परिणाम अशी होती. तोंड उघडलं आणि ते सगळं विसरलो. म्हटलं, बिबा मी लावला. द्वारकाला माहीतही नव्हतं. ती खोटं बोलली. पुढच्या वर्षी तिलाच द्या.
कोणाला धक्का बसला नाही. मथुराबाई हात फुंकत होत्या. म्हणाल्या, भाऊजी, आमाले मालूम आहे. ज्या घरात गॅसवर मुठी जळतात तिथली बाई आपल्या हातानं चाकूले बिबा लावीन का? पण ती भर मंडळात उभी राहून आपल्या माणसाले झाकून राह्यली. बाईचा शब्द खोटा कसा पाडाचा? आमी हो म्हटलं. माह्यंबी बोलणं वांग्यापायी झालं होतं, तेबी मी घेतलं मागं. पुढच्या साली द्वारकाच करते, ते आमी तवाच ठरवलं. फक्त तिले आज सांगू नका, आमी आमच्या पद्धतीनं सांगू. आन् तुमी इथं आले होते हेबी सांगू नका. तिनं इतकं केलं ते वाया जाईन.
म्हणजे एवढ्या मोठ्या मनानं कबुली द्यायला गेलो, ती कोणालाच नको होती. बसा पण म्हणाल्या नाहीत.
घरी आलो तर द्वारकानं विचारलं, इतक्या उन्हात कुठं गेले होते? बाजारात म्हटलं, भाजी आणायला. तिनं माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. म्हणाली, मग भाजी?
मी म्हटलं, चांगली नव्हती.